सगळे मासे गेल्यावर खाऱ्या पाण्याची टाकी पुन्हा कशी सुरू करावी?

तुम्ही लिहिलंय की ब्लू टँग मासा आणल्यावर थोड्याच दिवसांत सगळ्या माशांच्या अंगावर मिठाच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके आले आणि एकेक करत सगळे गेले. आता टाकीत दगड, थोडे कोरल आणि गोगलगाई उरल्या आहेत. सगळं उपसून, धुऊन नव्याने भरायचं का, असं विचारताय.

उपसू नका. त्या दगडांवर आणि वाळूत जिवाणूंची वस्ती आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून होणाऱ्या अमोनियाचं तेच नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. धुतलंत तर तीही जाईल आणि सगळं शून्यापासून उभं करावं लागेल. रोगाला तुमच्या स्वच्छतेशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त मासे लागतात. म्हणून टाकी आहे तशी चालू ठेवायची आणि तिच्यात मासा मात्र एकही ठेवायचा नाही.

तुमच्या वर्णनावरून हा मरीन इक, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी असावा. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून पडतो, दगडाला, वाळूला किंवा शंखाला चिकटतो आणि भोवती कवच करून आत विभागत राहतो. एकेका कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडू शकतात. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा सापडला नाही, तर ती मरतात. बहुतेक कवचं काही आठवड्यांत फुटतात, पण काही ७२ दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे. म्हणूनच शेवटचा मासा गेल्यापासून ७६ दिवस टाकी माशांविना ठेवायची पद्धत आहे. पाणी उबदार असेल तर कमी दिवसांतही भागतं असं काही जण सांगतात. मी तरी ७६ च मोजतो.

ठिपके मध्येच नाहीसे होतात ते याच कारणाने: परजीवी बरा होऊन नव्हे, तर गळून खाली गेलेला असतो. त्याच सुमारास बाटलीतलं औषध घातलेलं असलं की श्रेय बाटलीला जातं. लसणाचंही तसंच. कोरलला अपाय न करता टाकीतच इक मारतो म्हणणाऱ्या औषधांवर माझा विश्वास नाही. आणि ठिपक्यांऐवजी अंगावर बारीक सोनेरी भुकटी दिसली असेल, मासे पंपाच्या झोतापाशी धापा टाकत असतील, तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसरा परजीवी रोग. तो कितीतरी झपाट्याने मारतो, पण एवढ्या दिवसांत तोही संपतो.

या काळात पंप, हीटर, दिवे नेहमीसारखेच चालू. जिवाणूंचं पोट चालावं म्हणून दोन-तीन दिवसांनी चिमूटभर खाणं टाका, अधूनमधून १० टक्के पाणी बदला. खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५ च्या आसपास ठेवा. बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, त्यामुळे रोजची भर गोड्या आरओ पाण्याची. नवीन कोरल, दगड किंवा गोगलगाय आणू नका, त्यांच्या अंगावरून कवच आत येऊ शकतं. आणि ‘एखादा छोटा मासा सोडून बघतो’ हा मोह झाला, की मोजणी पुन्हा एकपासून.

खरं काम बाजूच्या टाकीत, म्हणजे नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या टाकीत आहे. वाळू नाही, दगड नाही, नुसती काच, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. तिची जाळी, बादली वेगळी ठेवा आणि स्पंज मोठ्या टाकीत मुरवू नका, त्यावरून रोगच येईल. अमोनियम क्लोराइड आणि बाटलीतले जिवाणू घालून आधीच तयार करा. अमोनिया सुमारे २ पीपीएम करून तो आणि नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर आले, की ती तयार. प्रत्येक नवा मासा निदान चार आठवडे इथेच. तांब्याचं औषध द्यायचं तर इथेच, कंपनीने सांगितलेल्या मात्रेत आणि तांब्याचं टेस्ट किट हाताशी ठेवून. मोठ्या टाकीत तांबं कधीही नाही. त्याने गोगलगाई आणि कोरल मरतात, शिवाय दगड आणि वाळू ते शोषून घेतात.

मासे लांबून पिशवीत येणार असतील तर एक गोष्ट बघा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया फारसा घातक नसतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यामुळे उघड्या पिशवीत तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवा, बाजूच्या टाकीचा खारेपणा आधीच पिशवीतल्या पाण्याएवढा ठेवा आणि मासा जाळीने उचलून सोडा.

मासे परत आणताना आधी पैदाशीच्या केंद्रात वाढलेली ओसेलारिस क्लाउनफिशची जोडी. मग तीन-चार आठवडे फक्त निरीक्षण, अमोनिया शून्य राहतोय का ते बघायचं, त्यानंतर एखादा गोबी. भांडखोर मासे सर्वांत शेवटी, नाहीतर ते नव्या माशाला कोपऱ्यात दाबून ठेवतात. ब्लू टँग पुन्हा हवाय असं लिहिलंय, पण त्याला इक फार पटकन लागतो आणि तो ३० सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. चार फुटी टाकीत तो आणूच नका.