भंगारातून धातू काढण्यात करिअर: पुढे काय शिकू?

प्रश्न: मी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या सर्किट बोर्डांतून आम्लाने सोनं काढण्याचे व्हिडिओ पाहून या विषयाची गोडी लागली. घरीच छोट्या प्रमाणात सुरुवात करावी म्हणतो. पुढे काय शिकू? बाबा म्हणतात, हे भंगारवाल्याचं काम.

उत्तर: घरचा प्रयोग करू नकोस. नायट्रिक आम्लात तांबं विरघळताना जो तपकिरी वायू निघतो, त्याचा फुप्फुसांवरचा घाला कधीकधी काही तासांनी कळतो. शिवाय उरलेल्या हिरव्या-निळ्या पाण्याचं काय केलं, हे व्हिडिओवाले सहसा दाखवत नाहीत.

बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही, पण भंगार ओळखून वेगळं करणं हेच या धंद्यातलं निम्मं कौशल्य आहे. कारखान्यात आम्ल फार उशिरा येतं. आधी माल फोडतात, चुंबकाने लोखंड उचलतात. मग एडी करंट सेपरेटर. त्यात वेगाने फिरणाऱ्या चुंबकी रोटरमुळे ॲल्युमिनियमच्या तुकड्यात वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो तुकडा पट्ट्यावरून पुढे उडतो. प्लास्टिक जवळच पडतं. ही निवड चुकली तर धातू हातचा गेलाच म्हणून समज. ॲल्युमिनियम तांब्याच्या भट्टीत गेलं, तर ऑक्साइड होऊन स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीतल्या मळीत, जातं. उलट, पोलादाच्या भट्टीत शिरलेलं तांबं काढता येत नाही, कारण ऑक्सिजन दिला की आधी लोखंडच जळतं. राहिलेल्या तांब्याने पोलादाला गरम लाटताना चिरा पडतात.

सोनं मात्र वितळलेल्या तांब्यातच राहतं. त्या तांब्याचे ॲनोड ओतून विद्युत-शुद्धीकरण केलं, की कॅथोडवर ९९.९९ टक्के शुद्ध तांबं बसतं आणि सोनं-चांदी टाकीच्या तळाच्या गाळात सापडते. तू ज्यासाठी आम्ल ओतणार होतास, ते तिथे तांब्याच्या पाठीवर बसून येतं!

आता शिक्षण. धातुशास्त्राच्या बऱ्याच पदव्युत्तर जागांना अभियांत्रिकीची पदवी लागते, म्हणून पात्रता आधी वाच. माझं मत विचारशील तर विश्लेषणात्मक रसायनात एम.एस्सी. कर. मिश्र भंगाराचा भाव त्यात कोणता धातू किती आहे यावर ठरतो, आणि ते कळतं नमुन्यावरून. नमुना चुकीचा घेतला तर लाखमोलाचं यंत्रही चुकीचाच आकडा देणार. खरेदीदार-विक्रेत्यांचे वाद बहुतेक इथेच होतात, त्यामुळे नमुना घेणं, एक्सआरएफ व आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजणारी यंत्रं) आणि फायर ॲसे (नमुना वितळवून त्यातलं सोनं-चांदी मोजण्याची पद्धत) येणाऱ्या माणसाची गरज पडतेच.

दुसरी वाट हायड्रोमेटलर्जीची, म्हणजे धातू द्रावणात विरघळवून काढण्याची. लिथियम-आयन बॅटऱ्या दळून निघणाऱ्या काळ्या भुकटीतून, म्हणजे ब्लॅक मासमधून, कोबाल्ट आणि निकेल द्रावक-निष्कर्षणाने (पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकात हवा तो धातू ओढून घेऊन) वेगळे काढतात. भट्टीत लिथियम स्लॅगमध्ये जातं, म्हणून त्याच्यासाठी ही ओली पद्धत सोयीची. तुझं रसायन इथे थेट उपयोगी पडेल.

सुट्टीत एखाद्या धातू-तपासणी प्रयोगशाळेत काम मिळतं का बघ. दरम्यान एलिंगहॅम आकृती, म्हणजे कोणत्या तापमानाला कोणता धातू ऑक्सिजनला किती घट्ट धरतो हे दाखवणारा आलेख, नीट समजून घे. ॲल्युमिनियम स्लॅगमध्ये का गेलं आणि तांबं लोखंडात का अडकलं, हे तीवरून तुझं तुलाच सांगता आलं पाहिजे.