मेमोचा मसुदा पाठवत नाही

अनेक आशीर्वाद.

काल रात्री साडेदहाला तुझा फोन वाजला तेव्हा वाटलं, तुझ्या बँकेच्या शाखेला आग लागली की काय. निघालं ते असं : क्लार्कने आयकराची नोटीस म्हणून मेलवर आलेली फाईल उघडली, मशीन वेड्यासारखं वागायला लागलं, आणि हे त्याने तुला तिसऱ्या दिवशी सांगितलं. मशीन नेटवर्कवरून काढलंस, मुख्य कार्यालयाला कळवलंस, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलून घेतलेस. ते ठीक. मग म्हणालीस, ‘मॅडम, त्याला ताकीद द्यायला तुमचा तो कडक भाषेतला मेमोचा मसुदा द्या ना.’

नाही देत.

तो तीन दिवस गप्प का बसला, हे विचारलंस का त्याला? फाईल का उघडली हे दहा वेळा विचारलं असशील. फाईल कुणीही उघडतं गं, मीही उघडली असती. सर्ट-इनचे, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत, अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. त्या पोराच्या लक्षात पहिल्याच दुपारी आलं होतं. म्हणजे तुझं घड्याळ मुख्य कार्यालयातून सुरू होत नाही, त्याच्या टेबलापासून होतं. आणि तुझी केबिन त्या टेबलापासून किती लांब आहे, हे तूच ठरवलेलं असतंस. सांगायला आलेल्या माणसावर ओरडायचं नाही. एवढंच शिकले मी एकतीस वर्षांत, आणि तेही उशिरा.

माझ्या शाखेत एक मुलगा होता. हुशार, जरा घाबरट. एका मार्चअखेरीला त्याने एक एन्ट्री भलत्याच खात्यात टाकली आणि स्वतःहून येऊन सांगितलं. काउंटरसमोर रांग, आत ऑडिटर, दिवसाचा हिशोब मिटवायचा डे-एंड खोळंबलेला. मी सगळ्यांसमोर त्याला असं काही बोलले की रांगेतल्या एका आजोबांनी मान खाली घातली. पुढच्या वर्षी त्याला फोन आला, ‘मुख्य कार्यालयाच्या कॉम्प्युटर विभागातून बोलतोय.’ याने लॉगिन-पासवर्ड दिला. अर्ध्या तासात त्याला शंका आली, पण मला त्याने दोन दिवसांनी सांगितलं. तोवर एका जुन्या, निष्क्रिय खात्यातून पैसे गेले होते. पासिंग, म्हणजे व्यवहाराला अधिकाऱ्याची मंजुरी, झालं होतं माझ्याच आयडीवरून, कारण मी कॅशमध्ये असले की तो माझा पासवर्ड टाकून पासिंग उरकायचा. तो पासवर्ड त्याला मीच दिला होता, आणि फोनवर त्याने तोही सांगितला. चौकशीत दोषी म्हणून त्याची सही लागली, माझी नाही. त्याने राजीनामा दिला.

आता तू म्हणशील, मार्चअखेरीला कुणीही ओरडलं असतं. बरोबर आहे. स्टाफ दोनने कमी होता, सर्व्हर सारखा बसायचा, आणि रांग थांबवून दर वेळी मी पासिंगला कशी उठणार होते? पासवर्ड तेव्हा सगळेच देत होते. पण त्याचं बियाणांचं दुकान आहे त्या रस्त्याने मी अजून जात नाही.

तुला मोठी उदाहरणं आवडतात, म्हणून सांगते. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेचे, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे, ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. त्या सकाळी स्विफ्टचे, म्हणजे बँका देशोदेशी पैसे पाठवतात त्या यंत्रणेचे, संदेश छापणारा प्रिंटर बंद होता. लोकांना वाटलं, नेहमीचंच, प्रिंटर बिघडतोच. तो चोरांनीच बंद पाडला होता. आपल्या पुण्यात कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ ला, शनिवारी, हल्ला सुरू झाला आणि सोमवारपर्यंत ९४ कोटी गेले. अशा मोठ्या चोरीआधी कुठेतरी काहीतरी किरकोळ खटकतं. ते खटकलेलं माणसाने तोंडाबाहेर काढावं, यासाठी सगळा आटापिटा. फायरवॉल मुख्य कार्यालय विकत घेईल. ‘मॅडम, हे जरा विचित्र वाटतंय’ हे वाक्य कुठे विकत मिळत नाही.

प्रशिक्षणाचंही तसंच. वर्षातून एकदा कुणीतरी येतो, साठ स्लाईड दाखवतो, सामोसा खाऊन सगळे हजेरीवर सही करतात. त्यापेक्षा सोमवारी काउंटर उघडायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं कर आणि प्रत्येकाला आपली एक चूक सांगू दे. पहिली तुझी. तुझी नसेल तर माझी सांग, वरची आहेच. मग महिन्यातून एकदा बाहेरच्या कुणाकडून शाखेत खोटा फोन करायला लाव, मुख्य कार्यालयाला आधी सांगून. कोण फसलं ते नाव तुझ्याजवळच ठेव. नाव फुटलं तर तो शेवटचा फोन समज.

आणि बिघडलेल्या आधारच्या झेरॉक्सच्या पाठीवर टोकन नंबर लिहिणं बंद कर. मागे आले होते तेव्हा बघितलं मी. श्रेडर नसेल तर फाडा, पण रद्दीत नको.

संवेदनशील टेबलावरच्या माणसाला आधी न सांगता सलग दहा कामाचे दिवस रजेवर पाठवण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे ना, तो पाळ. स्वतःही जा. तू गेलीस की कळेल, तुझा पासवर्ड कुणाकुणाला पाठ आहे.

मवाळ झाले असं समजू नकोस. चोरी करणाऱ्याला मी पोलिसांकडेच देईन. तुझा हा क्लार्क चोर नाही. उशीर केला, पण आला. त्याला मेमो दिलास तर शाखेतले बाकीचे सहा जण काय शिकतील? पुढच्या वेळी तिसऱ्या दिवशीही सांगायचं नाही, हेच. सांगायला आलेल्या माणसावर ओरडायचं नाही गं. कितीदा लिहू?

उद्या त्याला चहाला घेऊन बस. केबिनमध्ये नको, बाहेर. पहिल्या दुपारपासून तुझ्या दारापर्यंत कितीदा येऊन परत गेला ते विचार, आणि तो बोलत असताना फोन बघू नकोस.

मागे म्हणाली होतीस, तुमचा पासबुक प्रिंटर महिनाभर मध्येच अडकतोय. तो कुणी बघितला का?