खोडावरच्या 'त्या' अळंब्याला काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: बागेतल्या गुलमोहराच्या बुंध्यावर कडक, तपकिरी, फळीसारखे काहीतरी आडवे वाढले आहे. माळीकाका त्याला बांडगूळ म्हणतात, माहितीफलकासाठी कुणी 'कंस कवक' सुचवले. बरोबर काय, आणि त्या शब्दाचे लिंग कोणते?

दोन्ही नकोत. बांडगूळ ही हिरव्या पानांची, फुले-फळे धरणारी वनस्पती. पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून फांदीवर रुजते. हे कवक आहे. आणि 'कंस' तर निव्वळ शब्दकोशातून उचललेला. इंग्रजीतले ब्रॅकेट इथे गणितातले नव्हे, भिंतीतून पुढे आलेल्या फळीच्या आधाराचे. (कंसमामाला यात कशाला ओढायचे?)

'भूछत्र'ही जुळत नाही, कारण इथे भू नाही आणि छत्रही नाही. 'बुरशी' शास्त्राला धरून चालेल, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिळी भाकरी येते.

कोकणाने मात्र हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. फणसाच्या खोडावर येणारे असेच टणक कवक म्हणजे फणसाळंबे. फणसांबा, फणसोंबा असेही म्हणतात. नावात आंबा ऐकू आला तरी आंब्याचा संबंध नाही. तोंड आलेल्या किंवा फार लाळ गळणाऱ्या मुलांसाठी ते सहाणेवर उगाळून लावतात, आणि काष्ठौषधींच्या दुकानांतही ते मिळते. या नावात झाड आधी, अळंबे मागून. तोच साचा घेऊन सगळ्या झाडांसाठी 'खोडअळंबे' म्हणावे, असे माझे मत. शब्द मी जोडलेला आहे, पण समजावून सांगावा लागत नाही. शास्त्रीय मजकुरात 'कवक' आहेच.

एक अडचण उरते. हल्ली अळंबी म्हटले की लोकांना भाजी आठवते, आणि हे तर लाकडासारखे चिवट. शिवाय बाहेर दिसते ते नुसते फळ. खरे कवक तंतूंच्या रूपाने खोडात पसरून लाकूड कुजवत असते. म्हणून वरचे खरवडून झाड बरे होत नाही. फलकावर हे वाक्य नावाइतकेच गरजेचे आहे, नाहीतर उद्या कुणी कोयता घेऊन येईल.

लिंगाचे विचारलेत: एक असेल तर ते खोडअळंबे, अनेक असतील तर ती खोडअळंबी. 'खोडअळंब्याचा थर', 'खोडअळंब्यांची रांग' असे चालवा.