प्रश्न वाचकांचे : सैल पॉकेटची पुंगळी

प्रश्न : माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. लक्ष्यावर नेमबाजी करायला लागणारी .३०८ विंचेस्टरची काडतुसं तो घरीच भरतो. चवथीला आला होता तेव्हा म्हणाला, पाच-सहा वेळा वापरलेल्या काही पुंगळ्यांत (काडतुसाच्या पितळी नळ्यांत) नवा प्राइमर (दारू पेटवणारी तळाची छोटी टोपी) जोर न लावताच बसतो. बाकी पुंगळी चांगली दिसते. ती वापरावी का? आणि पारख कशी करायची?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : वापरू नये. प्राइमर पॉकेटात, म्हणजे पुंगळीच्या तळातल्या खोबणीत, घट्ट राहतो तो फक्त दाबून बसवल्यामुळे, म्हणून पॉकेट प्राइमरपेक्षा किंचित लहानच असावं लागतं. मोठ्या रायफल प्राइमरच्या पॉकेटचा व्यास ०.२०८५ ते ०.२१०० इंच, म्हणजे ५.३० ते ५.३३ मिलिमीटर. सगळा खेळ केसभर अंतराचा.

बार उडतो तेव्हा .३०८ मधला दाब चौरस इंचाला ६२,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो. पुंगळीचा तळ त्या दाबाने ताणला जातो आणि पुन्हा मागे येतो. दाब पितळेला सोसेनासा झाला, की तळ पुरता मागे येत नाही आणि पॉकेट रुंदच राहतं. म्हणून पॉकेट सैल झालं तर दोष पुंगळीला देण्याआधी भरणीकडे, म्हणजे दारूच्या मात्रेकडे, बघावं. एक-दोन बारांतच पॉकेटं ढिली पडत असतील तर भरणी जास्त आहे. काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मात्रेवर परत यावं. पाच-सहा भरण्यांनंतर एखादी पुंगळी गेली, तर ती तिच्या वयाने गेली.

पारख सुरू होते जुना प्राइमर काढण्याआधी. प्राइमरभोवती काजळीचं काळं वर्तुळ दिसलं, तर तिथून वायू गळला आहे. असा वायू बोल्टच्या (काडतुसाला मागून अडवणाऱ्या रायफलीच्या भागाच्या) तोंडावर खड्डे पाडतो. प्राइमर निखळून पडला आणि स्वयंचलित रायफलीच्या ट्रिगरमध्ये अडकला, तर भानगड आणखी मोठी.

मग प्राइमर काढून पॉकेट साफ करावं. पॉकेटच्या तळाशी काजळी राहिली तर नवा प्राइमर वर राहतो. नीट बसलेला प्राइमर पुंगळीच्या तळाच्या पातळीपेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच आत असतो. बसवायला हातात धरायचं अवजार वापरावं. टेबलावरच्या प्रेसचा दांडा लांब असतो, त्यामुळे हाताला काही कळतच नाही. सारखा, ठाम विरोध जाणवला तर पॉकेट चांगलं. प्राइमर लोण्यात बोट जावं तसा गेला, तर ती पुंगळी बाजूला.

शंका राहिलीच तर पिन गेज (भोक तपासायची नेमक्या मापाची पिन) घ्यावा. ०.२१०० इंचाची पिन अलगद आत गेली की निकाल लागला. व्हर्नियरवर विसंबू नये: त्याचे आतले जबडे सपाट असतात आणि एवढ्या लहान भोकात माप खरं असतं त्याहून कमी दाखवतात. तळाचा व्यास मोजायचा तर मायक्रोमीटरने.

लष्करी पुंगळ्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्या प्राइमरवर कडा दाबलेली असते. ती काढताना रीमर (भोक खरवडायचं अवजार) जास्त फिरवला, तर पहिल्याच भरणीला पॉकेट सैल होतं. तिथे चूक अवजाराची, दाबाची नव्हे.

गोंद लावणं, तळ ठोकून पॉकेट आवळणं हे करूच नये. तळ तापवायचा तर विचारही नको: पितळ मऊ करायचं ते फक्त मानेचं, म्हणजे तोंडाकडच्या अरुंद भागाचं. टाकाऊ पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपून टाकावं, नाहीतर ती पुन्हा ढिगात मिसळते. डब्यावर किती भरण्या झाल्या ते लिहून ठेवावं. न फुटलेला प्राइमर काढायची वेळ आली तर डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि हात सावकाश.

प्रश्न : आमच्याकडे शेतीरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर आहे. जुन्या पितळी पुंगळ्यांना तोंडाशी उभ्या चिरा गेल्यात. त्या घरी भरता येतील का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. बंदूक बाळगायच्या परवान्यात हे बसत नाही.

चिरांचं कारण मात्र सांगण्यासारखं आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळाभर दारूगोळा तबेल्यात ठेवला जाई, आणि पावसाळा सरला की पितळी पुंगळ्या तडकलेल्या निघत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळेत राहिलेला ताण, तिघांनी मिळून ते केलं. हा उलगडा १९२१ मध्ये झाला. आपल्याकडे जूनपासूनची हवा ठाऊक आहेच. गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांजवळ पितळ ठेवू नये, आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने पुंगळी कधीच पुसू नये.