किंडर स्काउट: माथा एकीकडे, देखावा दुसरीकडे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मँचेस्टरला नुकतेच आला आहात, दोघांनीही कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड केलेले आहेत, ऑक्टोबरच्या शेवटचा एक रविवार हाताशी आहे. जवळच्या पीक डिस्ट्रिक्ट डोंगराळ भागातला 636 मीटरचा किंडर स्काउट अर्ध्या दिवसात होईल का, आणि माथ्यावरून काय दिसतं?

पूर्ण दिवस ठेवा. आणि माथ्यावरून जवळजवळ काही दिसत नाही.

दुसऱ्या वाक्याने नाउमेद होऊ नका, कारण किंडरवरून दिसतं ते अप्रतिमच आहे. फक्त ते माथ्यावरून नाही, कडेवरून दिसतं. किंडर म्हणजे सुळका नाही, शिखर नाही. चारी बाजूंनी उतार असलेलं एक प्रचंड पठार आहे. सर्वांत उंच जागा या पठाराच्या आत, काळ्या चिखलात, दगडांच्या एका छोट्या ढिगाऱ्यापाशी आहे. तिथे उभं राहिलं की चहूकडे तेवढ्याच उंचीचा चिखल आणि गवत. दरी नाही, गाव नाही, काही नाही. पठाराच्या कडेला मात्र वालुकाश्माचे, म्हणजे इथल्या ‘मिलस्टोन ग्रिट’चे, वाऱ्याने झिजून चित्रविचित्र आकार आलेले खडक आहेत आणि खाली ईडेल गावाची सबंध हिरवी दरी. म्हणून मूरवर, म्हणजे अशा उंच, उघड्या, चिखलट माळावर, जाताना ‘माथा गाठायचा’ हा विचार घरी ठेवा आणि ‘कडेने चालायचं’ असं ठरवून निघा.

सह्याद्रीत आपण जीव जपतो तो चढताना. घसारा, कातळटप्पा, अरुंद धार. वर पोहोचलो की टाकं असतं, देऊळ असतं, पाठ टेकायला जागा असते. इथे नेमकं उलटं आहे. ईडेल स्टेशनपासून पठारापर्यंतचा चढ चारशे मीटरच्या आसपास, तोही बहुतेक बांधीव वाटेने. तुम्हाला तो काहीच वाटणार नाही. खरी परीक्षा वर, सपाटीवर सुरू होते.

त्याचं कारण पीट. थंडी आणि पाण्यामुळे पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचे हजारो वर्षांचे थर इथे काही ठिकाणी दोन-तीन मीटर जाड आहेत. पाण्याने त्यात खोल, वळणावळणाच्या घळी कापल्या आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘ग्रफ’ म्हणतात. एका घळीत उतरलात की डोक्याच्या वर काळी भिंत. बाहेर निघून दहा पावलं गेलात की पुढची घळ. प्रत्येक वेळी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे करता करता दिशा कधी बदलली ते कळत नाही. त्यात ढग खाली आला की सगळं एकसारखं दिसतं. अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्याला लँकेशर-चेशरच्या सखल भागानंतर भेटणारा हा पहिला मोठा अडसर आहे, त्यामुळे मँचेस्टरला ऊन असताना वर धुकं असणं अगदी नेहमीचं.

पठाराची ही दशा पूर्ण नैसर्गिक नाही, हेही सांगायलाच हवं. स्फॅग्नम नावाचं शेवाळ पीटला ओलं आणि जिवंत ठेवतं. मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या आणि भट्ट्यांच्या धुराने ते मोठ्या प्रमाणावर मेलं. वर मेंढ्यांची चराई आणि वणवे. उघडं पडलेलं पीट वाहून जाऊ लागलं. 2003 पासून ‘मूर्स फॉर द फ्यूचर’ हा माळ जपणारा उपक्रम आणि जमिनीची मालक असलेली नॅशनल ट्रस्ट ही संस्था हे पठार सावरण्याचं काम करत आहेत: घळींना छोटे बांध घालणं, गवत पेरणं, स्फॅग्नम पुन्हा लावणं. वर तुम्हाला दगडांचे किंवा लाकडाचे बांध आणि मागे साचलेलं पाणी दिसेल. त्यांवरून चालू नका. आणि गवतावर स्टोव्ह पेटवू नका. कोरडं पीट आतल्या आत दिवसेंदिवस जळत राहतं. थर्मासमधून चहा न्या.

आता वाट. मँचेस्टर पिकॅडिलीहून शेफील्डकडे जाणारी थांबत जाणारी गाडी घ्या. जलद गाड्या ईडेलला थांबत नाहीत. पाऊण तासात पोहोचाल. शेतांतून पश्चिमेला अपर बूथ ही वस्ती, तिथून दगडी पूल ओलांडून जेकब्ज लॅडर. जेकब मार्शल नावाच्या शेतकऱ्याने अठराव्या शतकात इथे पायऱ्या खोदल्या, त्यावरून हे नाव. वर आल्यावर उत्तरेकडे ईडेल रॉक्सवरून किंडर लोला जा. तिथे एका खडकावर सर्व्हेचा खांब आहे, 633 मीटर. बहुतेक लोक इथेच ‘माथा झाला’ म्हणतात आणि तुम्हीही खुशाल म्हणा. खरा 636 मीटरचा बिंदू ईशान्येला, किलोमीटरभराच्या आतच आहे, पण तेवढ्यासाठी चिखल तुडवण्यात मला तरी राम वाटत नाही.

तिथून माघारी जेकब्ज लॅडरच्या माथ्याकडे या आणि दक्षिण कडा धरून पूर्वेला चला. वूलपॅक्स हा खडकांचा पसारा, मग क्राउडन टॉवर, मग ग्राइंड्सलो नोल, आणि तिथून थेट ईडेलमध्ये उतार. वूलपॅक्समध्ये घाई करू नका. लोकरीच्या गठ्ठ्यांसारख्या त्या गुळगुळीत खडकांतून वाट काढण्यात जी मजा आहे, ती अख्ख्या पठारावर दुसरीकडे नाही. समोर दरीपलीकडे मॅम टॉर ते लूझ हिल अशी सलग धार दिसत राहते. सगळं मिळून सहा-सात तास धरा. घड्याळं मागे गेलेला रविवार (ऑक्टोबरचा शेवटचा, त्या दिवशी इथे घड्याळं तासभर मागे करतात) असेल तर सूर्य पावणेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून नऊच्या आत ईडेलमध्ये असायला हवं.

किंडर डाउनफॉल हा तीसेक मीटरचा धबधबा किंडर लोच्या उत्तरेला आहे. जोराचा पश्चिमी वारा असला की त्याचं पाणी उलटं वर उडतं. नाणेघाटात किंवा सांधणजवळच्या कोकणकड्यावर तुम्ही असा उलटा धबधबा पाहिला असेलच. तिथे जाऊन यायचं तर आणखी दीड तास जातो. ऑक्टोबरअखेर मी ते सोडून देईन आणि मे-जूनमध्ये पश्चिमेकडच्या हेफील्ड गावाच्या बाजूने वेगळा दिवस काढीन.

हेफील्डचं आणखी एक कारण आहे. 24 एप्रिल 1932 ला, तोही रविवारच, शेकडो तरुण कामगार तिथल्या बोडन ब्रिजच्या खाणीतून किंडरवर चढले. तेव्हा हे पठार जमीनदारांच्या ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखीव होतं. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यात मँचेस्टरचा वीस वर्षांचा बेनी रॉथमन होता. पुढे 1949 चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि 2000 च्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर पायी फिरायचा हक्क मिळाला. तुम्ही कुणाची परवानगी न काढता त्या कडेने चालणार आहात, ते या लोकांमुळे. खाणीतली पाटी जरूर पाहा.

सामानाचं: जीन्स नको, सुती टीशर्ट नको. वर खालच्यापेक्षा चारेक अंश थंड असतं आणि भिजलेल्या कापसात वारा शिरला की माणूस पटकन गारठतो. जलरोधक जाकीट-पँट दोन्ही, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे, टोपी, हेडटॉर्च, शिट्टी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचा ओएल 1 नकाशा कागदी घ्या आणि होकायंत्र वापरायचा सराव घराजवळच्या बागेत करून या. फोनमधला नकाशा आधीच उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते. अडचण आलीच तर 999, पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू सांगा. ते स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

जेकब्ज लॅडरच्या माथ्यावर पोहोचल्यावर पन्नास मीटरपलीकडचं दिसत नसेल, तर किंडर लो सोडा आणि आल्या वाटेने परत उतरा. आदल्या रात्रीच अंदाज वाईट असला तर बेतच बदला: होप स्टेशनला उतरून लूझ हिल, तिथून धारेने हॉलिन्स क्रॉसची खिंड आणि मॅम टॉर, मग खिंडीत परत येऊन ईडेल स्टेशन. 517 मीटरच्या मॅम टॉरवर प्राचीन गढीची मातीची तटबंदी अजून ओळखू येते. गडकिल्ले फिरलेल्या डोळ्यांना ती लगेच दिसेल. धारेवर चुकायला जागा नाही आणि ढग मधूनच फाटला तर दोन्हीकडच्या दऱ्या दिसतात.

वर दिलेली फेरी पश्चिम वारा धरून आहे, म्हणजे कडेने चालताना तो पाठीवर येतो. पूर्वेचा वारा असेल तर उलटी करा, ग्राइंड्सलो नोलवरून चढून जेकब्ज लॅडरने उतरा. तारीख ठरली की आदल्या दिवशी वाऱ्याचा अंदाज इथे टाका, बघून सांगतो.