आवडता गायक गेल्यावर चाहते वर्षानुवर्षं रडत बसतात, हे नाटक नसतं का? आणि मुख्य गायक गेल्यावर रॉक बँडने काय करावं, थांबावं की चालू ठेवावं?

प्रश्नातला 'नाटक' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही. हाच शब्द मला २०१५ च्या ऑगस्टमधे सख्ख्या काकांकडून ऐकावा लागला होता, फॅमिली ग्रुपवर, व्हॉइस मेसेजमधे, सगळ्या भावकीसमोर. तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, आज देतो.

मी एमबीबीएस रशियात केलं, सेंट पीटर्सबर्गला. दुसऱ्या वर्षाला फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला बोट टोचून स्वतःचा ब्लड ग्रुप काढायचा होता. तिकडं ए, बी, ओ असं बोलत नाहीत, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा म्हणतात, माझा तिसरा पॉझिटिव्ह निघाला म्हणजे आपला बी. ब्लड ग्रुपला रशियनमधे 'ग्रुप्पा क्रोवी' म्हणतात, आणि हा शब्द कोणी उच्चारला की लॅबमधल्या एक बाई काचेच्या पट्ट्या धुता धुता एकच चाल गुणगुणायच्या. आम्ही तीन मराठी पोरं त्यांना मावशी म्हणायचो, अर्थ सांगितल्यापासून त्यांनाही ते आवडायला लागलं होतं. एकदा विचारलं, मावशी हे गाणं कुठलं? त्यांनी हातातलं काम थांबवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की पंढरपुरात जाऊन कोणीतरी विठोबा कोण म्हणून विचारलंय.

तर ते गाणं व्हिक्टर त्सोयचं, सोव्हिएत काळातला रॉक गायक. बँडचं नाव किनो, म्हणजे सिनेमा. जन्म १९६२, लेनिनग्राड, वडील कोरियन वंशाचे, आई रशियन. 'ग्रुप्पा क्रोवी' हा १९८८ चा अल्बम आणि त्यातलंच गाणं, लढाईला निघालेल्या माणसाच्या बाहीवर त्याचा ब्लड ग्रुप लिहिलेला असतो त्यावरचं. अफगाणिस्तानातनं सोव्हिएत फौजा परतत होत्या तेव्हाची ही गोष्ट, त्यामुळं ते गाणं पोरांच्या काळजाला का लागलं हे वेगळं सांगायला नको. आणि हा माणूस देशभर पोचत होता तेव्हा काम काय करत होता तर बॉयलर रूममधे कोळसा टाकायचा. सोव्हिएत काळात नोकरी नसली की 'आयतखाऊ' म्हणून कायद्याने कारवाई व्हायची, म्हणून रॉकवाली पोरं असली कामं धरायची, एक पूर्ण दिवस-रात्र ड्युटी आणि मग सलग मोकळे दिवस, त्यात गाणी. त्या बॉयलर रूमला 'कामचात्का' म्हणतात, आता तिथं क्लब आणि छोटं म्युझियम आहे. मी किती वेळा गेलो असेन ते मोजलेलं नाही.

पहिल्या दोन हिवाळ्यांत माझी काय अवस्था होती ते तिकडं राहिलेल्यांना कळेल. दुपारी चारला अंधार, भाषा येत नाही, प्रोफेसर बोलतात त्यातलं निम्मं डोक्यावरून, घरी फोन केला की सगळं मस्त चाललंय असं सांगायचं कारण माझ्या फीसाठी काकांनी दोन एकरावर कर्ज काढलेलं. अशात मावशींनी पेन ड्राइव्हवर किनोची सगळी गाणी दिली. त्सोयचे शब्द साधे असतात, लहान लहान वाक्यं, आवाज एकदम सरळ, आळवणं-बिळवणं काही नाही. मी एकेक ओळ वहीत उतरवून अर्थ लावायचो. माझं रशियन कुठल्याही क्लासने नाही, त्या माणसाने सुधारलं. पुढं पेशंटची हिस्ट्री घेताना आजीबाई माझ्याशी धड बोलायच्या त्याचं श्रेय मी त्यालाच देतो. कोणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटू दे.

तो गेला १५ ऑगस्ट १९९० ला. लॅटव्हियात सुट्टीवर होता, मासे पकडून परत येत होता, भर दुपारी त्याची मॉस्कविच समोरून येणाऱ्या इकारुस बसवर आदळली, तपासात निघालं की गाडी चालवताना डोळा लागला असणार. वय २८. दोन महिनेही झाले नव्हते मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममधल्या कार्यक्रमाला, ज्याच्यासाठी तिथली ऑलिम्पिकची ज्योत पेटवली होती.

आता तारीख बघा. आपला १५ ऑगस्ट. २०१५ ला मी सुट्टीत घरी आलो नव्हतो, तिकिटाचे पैसे वाचवायचे म्हणून. सकाळी भारतीय कॉन्सुलेटमधे झेंडावंदन केलं, राष्ट्रगीत झालं, लाडू खाल्ला, आणि तिथून तसाच, कुर्त्यावर तिरंग्याचा बिल्ला लावलेला, मावशींबरोबर बोगोस्लोव्स्कोये दफनभूमीत गेलो, त्सोयची कबर तिथंच आहे. त्यांनी जूनमधेच सांगून ठेवलं होतं की इथंच असलास तर ये, पंचवीस वर्षं होतायत.

मला वाटलं होतं पाच-पन्नास माणसं असतील. गेटच्या बाहेरच फुलवाल्यांसमोर रांग. आत गेलो तर पन्नाशीचे बाप्ये काळ्या जॅकेटमधे, त्यांच्या खांद्यावर त्यांची पोरं, कॉलेजच्या मुली, एक आजोबा काठी टेकत, आणि चार-पाच ठिकाणी गिटार. सिगरेटच्या पाकिटावर त्याचं एक गाणं आहे म्हणून लोक फुलांशेजारी सिगरेट ठेवतात. भाषण नाही, निवेदक नाही, माइक नाही. कोणीतरी सुरू करतं आणि सगळे धरतात. मावशी गात नव्हत्या, नुसते ओठ हलत होते.

मग बाकावर बसून त्यांनी सांगितलं. १९९० ला त्या वीस वर्षांच्या होत्या. १९ ऑगस्टला दफन झालं तेव्हा त्या त्याच गर्दीत होत्या, आणि त्यानंतर किती तरी दिवस रोज येत राहिल्या, काही पोरं तर तिथंच तंबू ठोकून राहिली होती. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्या आईने दारातच मुस्काटात मारली आणि विचारलं, तो तुझा कोण लागतो? मावशी म्हणाल्या, मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही, पण आई गेली तेव्हा रात्रभर मी त्याचीच गाणी लावून बसले होते.

तेवढ्यात एकाने माझ्या बिल्ल्याकडं बघून विचारलं कुठला तू, इंडिया म्हटल्यावर त्याने गिटार माझ्या हातात दिली. मला चार कॉर्ड येत होत्या, त्सोयच्या बऱ्याच गाण्यांना तेवढ्या पुरतात. मी वाजवलं, ते गायले. मावशींनी व्हिडिओ काढला आणि मी तो बावळटासारखा नाही, अगदी अभिमानाने फॅमिली ग्रुपवर टाकला.

काकांचा मेसेज अर्ध्या तासात. "कर्ज काढून डॉक्टर व्हायला पाठवलाय, मसणवटीत गिटार वाजवायला नाही. कोण कुठला तो, तुझा कोण लागतो? ही सगळी नाटकं बंद कर." बाबा ग्रुपवर असून काही बोलले नाहीत. आईने फोन करून फक्त जेवलास का विचारलं. मी व्हिडिओ डिलीट केला. त्याचा मला आजही राग आहे, काकांचा कमी आणि डिलीट केल्याचा जास्त.

बँडचं विचारलंय तुम्ही, तर किनोवाल्यांनी काय केलं ते सांगतो, माझ्या मते तेच बरोबर. त्या उन्हाळ्यात त्सोय आणि गिटारिस्ट युरी कास्पार्यान यांनी लॅटव्हियात नव्या गाण्यांचं कच्चं रेकॉर्डिंग केलं होतं. ती कॅसेट कास्पार्यान अपघाताच्या आधीच लेनिनग्राडला घेऊन निघाला होता म्हणून वाचली. लोक अजून सांगतात की टेप चुरा झालेल्या गाडीत सापडली, ती दंतकथा आहे. मग कास्पार्यान, बासवाला इगोर तिखोमिरोव आणि ड्रमर गेऑर्गी गुर्यानोव, तिघं स्टुडिओत बसले आणि त्या कच्च्या आवाजाखाली एकेक वाद्य भरत गेले. विचार करा, हेडफोनमधे मित्र गातोय, तुम्हाला त्याच्या श्वासावर ठेका धरायचाय, आणि त्याला नुकतं मातीत ठेवून आलात. त्या अल्बमला नाव दिलं नाही, कव्हर काळं, लोक त्याला ब्लॅक अल्बम म्हणतात. तो झाला आणि किनो संपवलं. दुसरा गायक उभा केला नाही. कास्पार्यान पुढं दुसऱ्यांबरोबर वाजवत राहिला, गुर्यानोव चित्रकार झाला, तोही २०१३ ला गेला. रडून दाखवण्यापेक्षा हा शोक मला मोठा वाटतो, अर्धं राहिलेलं काम पुरं करून देणं.

२०२१ ला मात्र किनो परत स्टेजवर आलं. त्सोयच्या मुलाने पुढाकार घेतला, जुन्या टेपमधून आवाज वेगळा काढला, मागं मोठा पडदा, आणि कास्पार्यान-तिखोमिरोव प्रत्यक्ष वाजवतायत. अनेकांनी पैशासाठी म्हणून शिव्या दिल्या. मी तेव्हा इकडं कोविड वॉर्डात होतो, व्हिडिओच बघितले. मला आक्षेप नाही. त्याच्या जागी त्यांनी कोणाला उभं केलं नाही, एवढं मला पुरतं. दुसरा गायक घेऊन त्याच नावाने दौरे करणं मला पटत नाही, नाव बदला आणि खुशाल गा.

आता काकांकडं येतो. ६ फेब्रुवारी २०२२, रविवार. लतादीदी गेल्या. मी गावी होतो. काका सकाळपासून टीव्हीसमोर, दुपारचं ताट तसंच परत गेलं, संध्याकाळी शिवाजी पार्कवरचं दाखवत होते तेव्हा उठून उभे राहिले, आपल्या घरात, एकटे, हात जोडून. मग माळ्यावरनं कॅसेटचा खोका काढून घेतला. टेप बंद पडून दहा वर्षं झालेली, तरी एकेक कॅसेट पुसून ठेवत होते. रात्री काकू म्हणाली दोन घास खा, तर म्हणाले घरातलं माणूस गेलंय.

मी चहा करून दिला आणि शेजारी बसलो. काका आयुष्यात त्यांना भेटलेले नाहीत, लांबून सुद्धा बघितलेलं नाही. त्या दिवशी मी विचारू शकलो असतो, कोण लागतात तुमच्या. विचारलं नाही आणि विचारणार नव्हतोच, कारण मला त्यांचं रडणं खरंच वाटत होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की माझंही तेवढंच खरं होतं. दोन एकराचं कर्ज त्यांनी माझ्यासाठी काढलं, ते मी फेडलंय, त्यांचे उपकार फिटणारे नाहीत हेही मी मानतो, पण तो 'नाटक' शब्द त्यांनी मागं घ्यावा असं मला सात वर्षं वाटत होतं आणि अजून वाटतं. ग्रुपवरचं कोणीतरी हे उत्तर त्यांना दाखवेलच. दाखवा.

हां, एक आहे. स्टेटसला फोटो टाकून दुसऱ्या मिनिटाला रील बघणारे असतात, त्यांच्याबद्दल तुमचा प्रश्न असेल तर मी वाद घालणार नाही. आणि वीस वर्षांच्या पोराने शिक्षण सोडून कबरीजवळ तंबूत राहावं असंही म्हणत नाही, मावशी महिन्याभरात कॉलेजला परत गेल्याच होत्या. पण तुमच्या घरात कोणी असं रडत असेल तर कोण लागतो हे विचारू नका, कुठलं गाणं ते विचारा.

ऐकायचं असेल तर थेट ब्लॅक अल्बम लावू नका. आधी १९८८ चा ग्रुप्पा क्रोवी, मग पुढच्या वर्षीचा, आणि काळा सगळ्यात शेवटी, रात्री, हेडफोन लावून.