बारावीपर्यंत मराठी माध्यम होतं, आता कोल्हापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सगळं इंग्रजीत. अभ्यास कसा जमवायचा?

इंग्रजीची धास्ती सोडा, खरी अडचण वेगाची असते. सेमिस्टर बघता बघता संपतं. थिअरीचं एक क्रेडिट (विषयाचा भार मोजायचं माप) म्हणजे साधारण 15 तासच शिकवणं, त्यामुळे 'परीक्षेआधी बघू' म्हणणारे हमखास अडकतात.

माझ्या मते एकच सवय आधी लावा. लेक्चर झालं त्याच संध्याकाळी वही मिटून, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर मराठीतच लिहा. मग वही उघडून राहिलेलं भरा आणि संज्ञा तेवढ्या इंग्रजीत ठेवा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. नुसतं परत परत वाचलं की आलंय असं वाटतं, पेपरात मात्र हात थांबतो. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्येच दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जास्त होतं.

रूमवर दंगा असेल तर कॉलेजच्या ग्रंथालयात बसा. करवीर नगर वाचन मंदिर हे शहरातलं ग्रंथालयही आहे, 1850 पासूनचं. इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क हलक्यात घेऊ नका. आणि शंका असेल तर तास संपल्यावर सरांना, मॅडमना मराठीत बिनधास्त विचारा. रंकाळ्यावर मित्रांना विचारून ती सुटत नाही, भेळ तेवढी संपते.